आकाशात बोलण्यापूर्वी

ज्या घरात शिकणारी मुले आहेत त्या घराने शांततेची अपेक्षा करू नये, हा माझा शिक्षकी पेशातील आणि त्याहून अधिक वर्षांच्या एकत्र कुटुंबातील अनुभव आहे. कुणी मोठ्याने पाठांतर करतो, कुणी तबला बडवितो, कुणी दिव्याच्या बटणाशी खटपट करून साऱ्या घरात अंधार पाडतो. परंतु या सर्व उद्योगांची झळ घराच्या चार भिंतींपलीकडे सहसा जात नाही. अलीकडे मात्र एक उद्योग असा पाहण्यात आला की जो भिंतींना मुळीच जुमानीत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात मुलगा अगर मुलगी शिकत असेल अशा घरी तो आज ना उद्या यावयाचाच. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहीत आहे. तो उद्योग म्हणजे रेडिओचा लहानसा प्रक्षेपक तयार करणे.

रेडिओ आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. तो यंत्ररूपी कान होय. प्रक्षेपक ही त्याच्या उलट यंत्ररूपी जीभ. कानाने कितीही ऐकले तरी दुसऱ्याचे काही बिघडत नाही. जिभेची गोष्ट तशी नाही, हे सासुरवास भोगलेल्या कोणत्याही स्त्रीस आणि वर्ग सांभाळलेल्या कोणत्याही मास्तरास निराळे सांगावयास नको.

मी स्वतः जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे पाठशाळेत व्याकरण व न्याय यांचे थोडे अध्ययन झाले आणि त्या शिदोरीवर हायस्कुलात संस्कृत शिकवून निवृत्त झालो. विजेविषयीचे माझे ज्ञान फ्यूज बदलण्यापुरते. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते माझ्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवाशेजारी बसून, त्याला शंका विचारून आणि त्याची पुस्तके चाळून मिळविलेले आहे. हा मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षास होता आणि प्रकल्प म्हणून त्याने हाच विषय निवडला होता.

साहित्य पाहून प्रथम मला हसू आले. मटारच्या दाण्याएवढा एक ट्रान्झिस्टर, लाल-पिवळे पट्टे असलेले चार-दोन रोध, तीन-चार कंडेन्सर, गुंडीएवढा माईक, नऊ व्होल्टांची चौकोनी बॅटरी आणि हातभर तार. एवढ्याने आवाज दुसऱ्या खोलीत जाणार! तांब्याच्या इनॅमल केलेल्या तारेचे पाच वेढे त्याने बॉलपेनाच्या नळीवर घातले, नळी काढून घेतली, आणि जे पोकळ वेटोळे उरले त्यास म्हणाला, "काका, हीच कॉइल." मग सोल्डर आणि राळेचा धूर. आमच्या सौभाग्यवतींनी "माजघरात हा कसला वास?" म्हणून दोनदा डोकावून पाहिले. तिसऱ्या दिवशी रात्री सर्व जुळले. स्वयंपाकघरात रेडिओ लावून ठेवला होता. पुतण्याने माईक माझ्यापुढे धरला व म्हणाला, "काका, काहीतरी बोला." ऐनवेळी दुसरे काय सुचणार? "रामः रामौ रामाः" एवढे म्हटले मात्र, आणि स्वयंपाकघरातून माझाच आवाज मला विभक्ती शिकवू लागला. जन्मभर मुलांकडून घोकून घेतलेले ते रूप ऐकून अंगावर काटा आला, हे सांगण्यास मला संकोच वाटत नाही.

हे घडते कसे, ते समजून घेण्याजोगे आहे. ओसरीवरचा झोपाळा डोळ्यांपुढे आणावा. झोपाळ्यास एकदा धक्का दिला की तो पुढे जातो, मागे येतो. मात्र हळूहळू त्याचा झोका मंदावतो. योग्य क्षणी हलकासा रेटा देत राहिले तर तो अखंड चालतो. प्रक्षेपकात कंडेन्सर आणि कॉइल मिळून झोपाळा होतो. वीज कंडेन्सरमध्ये साठते, तेथून कॉइलमध्ये धावते, कॉइलमधून परत कंडेन्सरमध्ये येते. तारेच्या रोधामुळे हा झोका विझू लागतो, तेव्हा ट्रान्झिस्टर बॅटरीतून शक्ती घेऊन नेमक्या वेळी रेटा देतो. त्या रेट्याची वेळ साधण्यासाठी निघालेल्या विजेचा किंचित अंश एका छोट्या कंडेन्सरमधून परत ट्रान्झिस्टरकडे पोचवितात. तो कंडेन्सर काढून घेतला तर यंत्र मुके होते.

झोपाळ्याची दोरी लांब असली तर झोका संथ होतो. तद्वत् कंडेन्सर मोठा केला तर विजेचा झोका संथ होतो. कंडेन्सर चौपट केला तर वारंवारता निम्मी होते. या चिमुकल्या झोपाळ्याचे झोके सेकंदास सुमारे दहा कोटी. यालाच शंभर मेगाहर्ट्झ म्हणतात. प्रकाशाच्या वेगाने जाणारी लहर एका झोक्याच्या अवधीत तीन मीटर जाते, म्हणून तिची तरंगलांबी तीन मीटर, आणि तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे पाऊण मीटरची तार एरियल म्हणून उत्तम चालते. आपण बोललो की माईकमुळे ट्रान्झिस्टरवरील विजेचा दाब किंचित खालीवर होतो, त्याबरोबर ट्रान्झिस्टरच्या पोटातील साठवणशक्ती बदलते आणि झोक्याची गती शब्दागणिक लेशमात्र डुलते. रेडिओ ते डुलणे ओळखून त्याचा पुन्हा शब्द करतो. एफएम म्हणतात ते हेच.

शब्द हा आकाशाचा गुण होय, असे नैयायिक मानतात. तर्कसंग्रह शिकविताना हे मी शेकडो वेळा सांगितले असेल. पुतण्याला ते सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, "काका, पण ही लहर म्हणजे शब्द नव्हे, आणि तिला जाण्यास कसलेच माध्यम लागत नाही." त्याचे म्हणणे खरे आहे. आमच्या पूर्वजांस रेडिओ ठाऊक होता असे म्हणणारे लोक हल्ली पुष्कळ भेटतात. त्यांनी पूर्वजांचे ग्रंथही नीट वाचलेले नसतात आणि रेडिओही उघडून पाहिलेला नसतो. परंतु त्या जुन्या विचारातील एक गोष्ट मला मोलाची वाटते. आकाश एकच आहे आणि ते सर्वव्यापी आहे, असे ते शास्त्र मानते. पुढे जो पेच उभा राहिला त्याचे मूळ नेमके येथेच होते.

आमच्या मातोश्री नव्वदीच्या घरात आहेत. दृष्टी गेल्यामुळे दुपारचा रेडिओ हाच त्यांचा विरंगुळा. एके दिवशी त्या विविध भारतीवर गाणे ऐकत असता ते एकाएकी बुडाले आणि त्याच्या जागी "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन" सुरू झाले. पुतण्या गच्चीवर प्रयोग करीत होता. तो खाली आला तेव्हा मातोश्री रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "अरे, मी ऐकत होते. तुला मध्येच बोलायला कुणी सांगितलं?"

हा प्रश्न साधा दिसतो, परंतु प्रक्षेपकाविषयीचे सारे नीतिशास्त्र त्यात आले आहे. एका जागी एकाच वारंवारतेवर दोघे बोलू लागले तर एफएम रेडिओ बलवान आवाज पकडतो आणि दुबळा टाकून देतो. दूरच्या मोठ्या केंद्रापेक्षा पंधरा हातांवरचे खेळणे त्या क्षणी बलवान ठरते. म्हणजे आपण बोललो एवढेच घडत नाही. आपण कुणाला तरी गप्प बसविलेले असते आणि ते आपल्याला कळतही नाही.

पुतण्याने त्यावर काढलेला तोडगा अधिक भयावह होता. तो म्हणाला, "आजीच्या स्टेशनपासून दूर जातो. वरच्या टोकाशी, एकशेसातच्या पुढे, जागा रिकामी आहे." शिवाय आणखी एक ट्रान्झिस्टर जोडून शक्ती वाढवावी, गच्चीवर उंच एरियल उभारावी आणि गणेशोत्सवात गल्लीचे स्वतःचे केंद्र चालवावे, असा त्याचा व त्याच्या मित्रमंडळींचा बेत शिजला होता. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी तर निवेदिकाही ठरवून टाकली होती.

आता या यंत्राचा स्वभाव पाहा. कॉइलजवळ नुसता हात नेला तरी त्याची वारंवारता खाली घसरते, कारण आपले शरीरही कंडेन्सरसारखे वागते. बॅटरी उतरू लागली, उन्हाने भाग तापले, तरी ती हलते. कॉइलचे वेढे बोटाने किंचित विरळ झाले की ती वर चढते. रेडिओ केंद्रांचा पट्टा एकशेआठ मेगाहर्ट्झपाशी संपतो आणि तेथेच विमानांचा पट्टा सुरू होतो. धावपट्टीची मधली रेषा वैमानिकास दाखविणारे संकेत एकशेआठ ते एकशेबारा या टप्प्यात असतात. वैमानिक व नियंत्रक यांचे संभाषण एकशेअठरापासून पुढे चालते. जे यंत्र हात जवळ नेताच जागा सोडते, ते नेमके त्या सीमेवर, तेही शक्ती वाढवून, गच्चीवर बांधावयाचे! त्यातून अशा ओबडधोबड यंत्रातून मूळ लहरीबरोबर तिच्या दुपटीच्या, तिपटीच्या लहरीही बाहेर पडतात, त्या निराळ्याच. आमच्या शहरावरून रोज विमाने उतरतात. गणपतीच्या आरतीने त्यांपैकी एखाद्यास वाट चुकविली तर काय, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना विषय निघाला. बंधू सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी कायदा काढला. १८८५ च्या तार अधिनियमाने व १९३३ च्या बिनतारी तारायंत्र अधिनियमाने परवान्यावाचून असे यंत्र चालविण्यास, किंबहुना जवळ बाळगण्यासही, बंदी केली. त्यांची जागा घेण्यासाठी २०२३ साली दूरसंचार अधिनियम झाला, त्यातही परवानगीचे तत्त्व कायम आहे. पुतण्या म्हणाला, "बाबा, सगळेच करतात." बंधू म्हणाले, "सगळे करतात ते सगळेच पचतं असं नाही." आणि त्यांनी बिहारची गोष्ट सांगितली. वैशाली जिल्ह्यातील मन्सूरपूर गावी राघव महतो नावाच्या, फारसे न शिकलेल्या तरुणाने आपल्या दुरुस्तीच्या दुकानात किरकोळ खर्चात प्रक्षेपक तयार केला व बांबूवर एरियल चढवून गावासाठी केंद्र चालविले. लोक त्याच्यावर प्रेम करीत. २००६ साली त्याची कीर्ती वृत्तपत्रांतून दूरवर गेली, आणि परवाना नसल्यामुळे त्याच वर्षी सरकारने ते केंद्र बंद केले.

ही गोष्ट ऐकून मुलाची समजूत पटेल असे बंधूंना वाटले असावे, झाले उलटच. तो उसळून म्हणाला, "मग बेचाळीस साली उषा मेहतांनी परवाना काढला होता का?"

जेवणाच्या पाटावर क्षणभर कुणी बोलले नाही. प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. खरा होता, आणि खऱ्या प्रश्नास दटावून गप्प करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. मी त्यास म्हटले, "आधी ती हकीकत सगळी वाच, मग आपण बोलू." पुढचे दोन दिवस आम्ही दोघांनीही ती वाचली.

ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईस 'छोडो भारत'चा ठराव होऊन नेते एका रात्रीत तुरुंगात गेले. वर्तमानपत्रांवर निर्बंध आले. त्या वेळी उषा मेहता बावीस वर्षांच्या विद्यार्थिनी होत्या. त्यांनी व विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी आदी मित्रांनी गुप्त प्रक्षेपण केंद्र उभारले. यंत्रे जाणणारे नरीमन प्रिंटर यांनी प्रक्षेपक सिद्ध केला, शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांनी साहित्याची मदत केली, पुढे डॉ. राममनोहर लोहिया यांचेही साहाय्य लाभले. २७ ऑगस्ट १९४२ रोजी चौपाटीवरील एका घरातून ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओचा आवाज प्रथम उमटला. चितगावावरील बॉम्बहल्ला, जमशेटपूरचा संप, आपल्या विदर्भातील आष्टी-चिमूरचे अत्याचार या बातम्या, ज्या छापण्याची कुणास मुभा नव्हती, त्या या केंद्राने सांगितल्या. दिशा शोधणाऱ्या पोलिसांच्या गाड्या मागावर असल्यामुळे यंत्र घरोघर हलवावे लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला. आपल्यातीलच तंत्रज्ञाकडून ठिकाण फुटले, असे उषाबेन पुढे सांगत. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. १९४६ साली सुटका झाली. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २००० साली त्या निवर्तल्या.

वाचून झाल्यावर मी पुतण्यास तीन गोष्टी विचारल्या. त्यांना जे सांगावयाचे होते ते सांगण्याचा दुसरा मार्ग खुला होता काय? त्यांनी बोलून कुणा दुबळ्याचा आवाज दडपला, की दडपलेल्यांचा आवाज उठविला? आणि त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली, की नकळत दुसऱ्या कुणावर लादली? गल्लीच्या केंद्रावर आरत्या आणि विनोद लागणार. ते ध्वनिक्षेपकावरूनही लागतात. चुकून विमानाची वाट बिघडली तर किंमत मोजणारा मात्र वर बसलेला असेल. मोडलेला कायदा दोन्हीकडे तोच दिसला तरी ही दोन कृत्ये एक नव्हेत. बेचाळीसचे आकाश परक्या सत्तेने अडविलेले होते. आजचे आकाश निदान तत्त्वतः आपणा सर्वांचे आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय असा स्पष्ट निर्णय दिला. सार्वजनिक विहिरीवर ज्याने त्याने आपली मोट लावावयाची म्हटली तर विहिरीचे काय होईल, हे खेड्यात वाढलेल्यास सांगावे लागत नाही.

पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने कागद ओढला, तीनशेस ४२.३४ ने भागले आणि म्हणाला, "काका, ही लहर सुमारे सात पूर्णांक आठ शतांश मेगाहर्ट्झची येते. म्हणजे आज हौशी लोकांसाठी राखून ठेवलेल्या चाळीस मीटरच्या पट्ट्यातली!" मला हे ठाऊक नव्हते, आणि ऐकून विलक्षण आनंद झाला. ज्या जागी बोलल्याबद्दल एका विद्यार्थिनीस चार वर्षे कारावास झाला, त्या जागी आज परीक्षा उत्तीर्ण झालेला कोणीही नागरिक उघडपणे, आपल्या नावानिशी बोलू शकतो.

ही परीक्षा म्हणजे हौशी बिनतारी केंद्राच्या परवान्याची. केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग ती घेतो. तीत विजेची मूलतत्त्वे व प्रक्षेपणाचे नियम यांवर प्रश्न असतात. वरच्या श्रेणीस मोर्सची कडकट्टही यावी लागते. उत्तीर्ण झाल्यावर परवाना व स्वतःचे संकेतनाव मिळते. भारतातील हौशी केंद्रांची नावे बहुधा 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. या मंडळींस हॅम म्हणतात. स्वतः तयार केलेल्या यंत्रावरून बोलण्याची त्यांस मुभा असते. मात्र करमणुकीचे कार्यक्रम लावणे अगर धंदा करणे त्यांस वर्ज्य आहे. २००१ च्या भूजच्या भूकंपात यांनी निरोप पोचविले. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा श्रीमती भारती प्रसाद या हौशी प्रक्षेपिका योगायोगाने पोर्ट ब्लेअर येथे केंद्र लावून होत्या. अंदमानची इतर संपर्कसाधने तुटली असता त्यांच्या यंत्रावरून आप्तांची खुशाली मुख्य भूमीवर कळली. ज्यांना गावासाठी केंद्रच चालवावयाचे आहे त्यांच्यासाठीही वाट आहे. २००६ च्या नोव्हेंबरात, राघवचे केंद्र बंद पडले त्याच वर्षी, सामाजिक संस्थांना समुदाय रेडिओ चालविण्याची मुभा मिळाली. आपल्या म्हसवडची 'माणदेशी तरंग वाहिनी' अशाच वाटेने माणदेशातील स्त्रियांशी बोलत असते.

आता प्रकल्पाचे काय झाले ते सांगितले पाहिजे. एरियल काढून त्या जागी पन्नास ओहमांचा रोध जोडला. यास नकली भार म्हणतात; प्रक्षेपकाची शक्ती त्यात उष्णता होऊन जिरते, आकाशात जवळजवळ काही जात नाही. गच्चीचा बेत सुटला आणि त्या जागी नवा अभ्यास सुरू झाला: हे यंत्र जागा का सोडते? बॅटरीचा दाब अर्ध्या अर्ध्या व्होल्टाने उतरवून, हात दूर-जवळ नेऊन, दिव्याखाली तापवून त्याने प्रत्येक वेळी वारंवारता मोजली व आलेख काढले. शेवटी कॉइलच्या भरवशावर न राहता स्फटिकाच्या कंपनांनी स्थिर राखलेला दुसरा प्रक्षेपक तयार केला आणि दोहोंची तुलना मांडली. परीक्षकांनी त्यास सर्वांत अधिक प्रश्न त्या आलेखांवरच विचारले म्हणे. गल्लीचे कार्यकर्ते काही दिवस त्याच्याशी बोलत नव्हते, हेही नमूद करावयास हवे. योग्य गोष्ट केली की सर्वांचीच शाबासकी मिळते असे नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा उद्योग सुरू होईल त्यांस एवढेच सुचवावेसे वाटते. मुलाच्या हातातील सोल्डरची इस्त्री काढून घेऊ नका. बाजारात तयार मिळते ते कशाला करावयाचे, हा प्रश्न तर मुळीच विचारू नका. पोळ्याही बाजारात मिळतात. परंतु "कायद्यात बसत नाही" एवढे सांगूनही थांबू नका, कारण नुसत्या बंदीने मुलगा गच्चीवरून उठून मित्राच्या गच्चीवर जातो. त्याच्या शेजारी बसा, यंत्र कसे चालते ते त्याच्याकडून समजावून घ्या, आणि त्यानंतर त्यास विचारा: तू बोलशील तेव्हा ऐकणारा कोण, आणि ज्याचे ऐकणे तुटेल तो कोण? बोलण्याची विद्या आपण मुलांस पहिल्या वर्षापासून शिकवितो. आकाशात बोलण्याची विद्या आता पाच वेढ्यांच्या तारेत येऊन बसली आहे, म्हणून थांबण्याची विद्याही तिच्याबरोबरच शिकवावी लागेल.

पुतण्या सध्या त्या परीक्षेच्या तयारीत आहे. जेवणाच्या ताटावर चमच्याने मोर्सची अक्षरे वाजविण्याची त्यास सवय जडली आहे. त्याची आई वैतागते. मातोश्री मात्र कान देऊन ऐकतात आणि आता कोणते अक्षर झाले ते विचारतात.